फिनलंड, तिसरा डाव

रविवार, रात्री साडेअकरा

आज पुन्हा हेलसिंकी पडलं. 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' या दुसऱ्या महायुद्धाच्या कॉम्प्युटर गेममध्ये फिनलंड घेऊन खेळायची ही माझी तिसरी वेळ. पहिल्या डावात सोव्हिएत हल्ल्यानंतर महिन्याभरात संपले, दुसऱ्यात जेमतेम दोन महिने तग धरला, आज मार्चपर्यंत पोचले. डाव संपला की कुठे चुकलं ते त्याच रात्री वहीत लिहायचं, हा नेम मी पाळते. सकाळपर्यंत थांबलं की मन सारवासारव करायला लागतं.

वहीची मागची पानं चाळली. पहिल्या डावात मी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एकच फ्रंटलाइन, म्हणजे सैन्य उभं करायची रेषा, ओढली होती आणि गेमने माझ्या मूठभर डिव्हिजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, त्या तेराशेएक किलोमीटरवर सारख्या वाटून टाकल्या. लॅपलँडच्या बर्फात, जिथे सप्लाय धड पोचत नाही, तिथेही माझी माणसं उभी. आणि लाडोगा सरोवर व फिनलंडचं आखात यांच्यामधला कारेलियाचा चिंचोळा पट्टा, जिथून खरा लोंढा येतो, तिथेही तेवढीच. जर्मनी घेऊन खेळताना असं खपून जातं, भगदाड बुजवायला मागून कुमक येते. फिनलंडची तेव्हाची लोकसंख्याच ३७ लाखांच्या आसपास. मागे कोणी नसतं.

दुसऱ्यांदा रायफलींनी घात केला. १९३८ संपेपर्यंत नागरी कारखानेच बांधत बसले, लष्करी कारखाने राहून गेले. नवं उत्पादन लावलं की त्याची कार्यक्षमता तळापासून चढते, त्याला महिने लागतात, आणि ते महिनेच हातात नव्हते. साठ्याचा आकडा लाल झाला तरी घाबरून नव्या डिव्हिजन उभ्या करत राहिले.

आजची चूक जास्त लागली, कारण बाकी सगळं जमलं होतं. फेब्रुवारी १९४०. कारेलियातल्या वीपुरी शहराच्या पुढे माझ्या डिव्हिजन खंदकांत पक्क्या रुतलेल्या. समोरच्या सोव्हिएत डिव्हिजनचा दम दाखवणारी पट्टी उतरत उतरत पार तळाला गेली. दादा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "अगं, त्यांना जागेवरून हलवू नकोस." मी हलवलं. दोन डिव्हिजन पुढे पाठवल्या, लढाई जिंकली, त्या पुढच्या प्रांतात सरकल्या आणि इतक्या आठवड्यांत साठलेला खंदकांचा फायदा त्या हलल्या तसा गेला. तीन दिवसांत दोन्ही बाजूंनी वेढा पडला. माणसं, बंदुका, तोफा, काहीच परत आलं नाही. पॉज करून बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले.

खऱ्या हिवाळी युद्धात, म्हणजे १९३९-४०च्या फिनलंड-सोव्हिएत युद्धात, नेमक्या त्याच महिन्यात काय झालं, ते आज वहीत आजच्या चुकीशेजारी लिहिलं. ११ फेब्रुवारीला कारेलियात सुम्मापाशी फिनिश संरक्षणफळी फुटली. १५ तारखेला फिनिश सरसेनापती मानरहाइमने माघारीची परवानगी दिली आणि सैन्य मागच्या फळीवर आलं. जमीन गेली, सैन्य राहिलं. त्याआधी जानेवारीत राते रस्त्यावर फिनिश तुकड्यांनी शत्रूला जंगलातल्या एकाच वाटेने आत येऊ दिलं, मग त्या लांबलचक रांगेचे तुकडे पाडून एकेक तुकडा वेढला. अशा वेढ्याला त्यांचा शब्द 'मोत्ती'. मूळ अर्थ, एक घनमीटर जळाऊ लाकडाची रास.

मानरहाइमने तर १९३९च्या शरद ऋतूत, युद्धाआधीच, सोव्हिएत मागण्यांपैकी काही मान्य करा असा सल्ला दिला होता. आपल्याकडे तोफगोळे किती आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. पूर्वी मला तो भित्रेपणा वाटायचा. तीनदा हेलसिंकी गमावल्यावर तसं वाटत नाही.

आणि तरीही जमीन सोडणं सोपं नव्हतं. १२ मार्च १९४०च्या तहाने वीपुरी गेलं, चारेक लाख माणसं घरं सोडून पश्चिमेकडे निघाली. दुसऱ्या दिवशी, १३ मार्चला, फिनलंडमध्ये झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. माझ्या स्क्रीनवर वीपुरी जातं तेव्हा फक्त एका प्रांताचा रंग बदलतो. हे मला विसरायचं नाही, म्हणून तेही वहीत लिहिलंय.

चौथ्या डावात १ जानेवारी १९३६लाच वीपुरीच्या मागे एक फॉलबॅक लाइन, म्हणजे माघारीची फळी, ओढून ठेवणार. उत्तरेला फक्त रस्ते आणि रेल्वे जिथे आहेत तिथेच माणसं. आणि रायफली पहिल्या दिवसापासून. उद्या दादाला दाखवते.