जुन्या मोटरहोमचा एसी आणि फिनिक्स ते ग्रँड कॅन्यन

जुलैत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनला जुनं मोटरहोम (म्हणजे मागे घर असलेली गाडी) न्यायचं, तर आधी डॅशबोर्डच्या एसीचा निकाल लावावा लागतो. आमचं धूड १९९०चं, फोर्ड ई-३५० व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं. एसीत मूळचा आर-१२ गॅस. तो ओझोनच्या थराला घातक, म्हणून अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५च्या अखेरीस थांबलं. उरलासुरला साठा महाग, शिवाय विकत घ्यायला प्रमाणपत्र लागतं. म्हणून एसी आर-१३४ए या नव्या गॅसवर आणला.

‘कनेक्टर बदला, नवा गॅस भरा, झालं काम’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. आर-१३४ए जुन्या मिनरल तेलात मिसळत नाही. तेल कोपऱ्यात साचतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि एक दिवस जाम होतो. त्यामुळे जुना गॅस मशीनने काढून घ्यायचा (हवेत सोडणं बेकायदेशीर आहे), जमेल तेवढं तेल निथळवायचं आणि नव्या गॅसला चालणारं एस्टर तेल घालायचं. अ‍ॅक्युम्युलेटर (गॅसमधला ओलावा टिपणारा डबा) नवाच घ्या, तिथे काटकसर नको. सिस्टीम उघडी राहिली की या डब्यातला ओलावा शोषणारा माल निकामी होतो.

फोर्डच्या नळ्यांचे काही सांधे पान्याने सुटत नाहीत. आत गोल स्प्रिंग असते, ती सोडवायला प्लास्टिकची स्वस्तातली कडी मिळते. ऑरिफिस ट्यूब (गॅसच्या वाटेतली बारीक भोकाची, जाळीची नळी) बाहेर ओढली, तर जाळीवर राखाडी गाळ. बोटांत चोळून पाहिला. चमचमला नाही, म्हणून जुना कॉम्प्रेसर ठेवला. धातूचा चुरा दिसला असता तर कॉम्प्रेसर गेलाच, वर कंडेन्सरचाही (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) खर्च.

मग सांध्यांत नव्या ओ-रिंग (रबरी कड्या) तेल लावून बसवल्या, पाऊण तास व्हॅक्यूम ओढला, पंप बंद करून गळतीने काटा हलतो का ते पाहिलं. नवा गॅस जुन्याच्या वजनाच्या साधारण ८५ टक्केच भरायचा. लेबलवर ४८ औंस होते, आम्ही ४० भरले. जास्त भरला तर कूलिंग वाढत नाही, फक्त प्रेशर चढतं.

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे जाणाऱ्या आय-१७ महामार्गावर ब्लॅक कॅन्यन सिटीनंतर मोठा चढ लागतो. ‘इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा’ अशी पाटीच आहे तिथे. मुकाट बंद करा. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो, त्याची सगळी उष्णता रेडिएटरच्याच माथी येते. फिनिक्स ३३० मीटरवर आणि फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर, यावरून चढाचा अंदाज घ्या.

गाडी पळत असताना झोत छान गार येतो, सिग्नलला कोमट. आर-१२साठी घडवलेल्या कंडेन्सरकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. पुढच्या सीटांमागे जाड पडदा लावा, नाहीतर सगळं मागचं घर गार करत बसाल.

मागच्या घराच्या, छतावरच्या एसीला ३० अँपियरची वीजजोडणी लागते. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर (दक्षिण काठावर) ती ट्रेलर व्हिलेज या गाड्यांच्या तळावर मिळते. माथर कॅम्पग्राउंडमध्ये वीज नाही, जनरेटरही ठरल्या वेळीच चालवता येतो. पण तिथे जुलैतही रात्री पांघरूण लागतं, त्यामुळे स्वस्तातलं माथरच घ्या.