जागा अपुरी आहे

काल रात्री टीव्हीने पुन्हा हात वर केले. सामना अगदी रंगात आलेला आणि ॲप म्हणतं, आधी मला अपडेट करा. बरं, करतो. तर पडद्यावर पाटी आली : जागा अपुरी आहे. अर्धी भिंत अडवून बसलेल्या त्या धुडाने असं म्हणावं, याची मला दर वेळी आधी गंमत वाटते. राग नंतर येतो.

खरं तर टीव्हीचा यात काही दोष नाही. बोलते ती त्याच्या पाठीमागे एचडीएमआयच्या खाचेत खोचलेली, इंटरनेटवरची ॲप टीव्हीवर चालवणारी बोटभर कांडी. आमच्याकडे तिला कांडीच म्हणतात. खोक्यावर ८ जीबी लिहिलं होतं आणि ते वाचून ‘भरपूर झालं की’ असं मीच म्हणाले होते. त्यातली जवळजवळ निम्मी जागा कांडीची स्वतःची यंत्रणाच घेऊन बसते, हे खोकं टाकून दिल्यावर कळलं. उरलेल्या जागेत बाबांच्या बातम्या (बाबा म्हणजे माझे सासरे), मुलाचे खेळ, नवऱ्याचे सामने आणि माझ्या त्या दोन मालिका, ज्या मी बघत नाही.

मला सुरुवातीला एक कोडं सुटत नव्हतं. इथे काही साठवलेलंच नसतं, तर भरतं काय? सिनेमा कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवरून येतो, डोळ्यांसमोरून जातो, मागे काही ठेवत नाही. ॲप म्हणजे नुसतं दार. घर पलीकडे, दुसऱ्याच कुणाचं. मग नुसत्या दारांनी खोली कशी भरते?

एका दुपारी रिमोट घेऊन बसले आणि सेटिंग्जमधून एकेका ॲपच्या पोटात शिरले. तिथे प्रत्येकाचा हिशेब मांडलेला असतो : ॲप इतकं, डेटा इतका, कॅशे इतकी. एका ॲपची कॅशे खुद्द ॲपपेक्षा मोठी निघाली. त्यात असतं काय, तर बरीचशी पोस्टरं. काय पाहावं हे ठरवताना बाणाचं बटण दाबत आपण जे सरकत राहतो, त्या वेळी शेकडो चित्रं समोरून जातात. पुन्हा लागली तर चटकन दाखवता यावीत म्हणून ॲप ती जपून ठेवतं. थोडक्यात, आम्ही पाहिलेल्या सिनेमांचं इथे जवळपास काहीच नव्हतं. ‘हा नको, पुढे’, ‘हाही नको’ म्हणून ज्यांना वाटेला लावलं, त्यांचे चेहरे मात्र नीट जपलेले होते. कॅशे हा शब्द ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ लपवणं. आमच्याकडे लपवलेलं आणि विसरलेलं यात पूर्वीपासूनच फारसा फरक नाही.

अपडेटची तर आणखी वेगळी तऱ्हा. नवी आवृत्ती आधी पूर्ण उतरवून घ्यायची, मग जुनीच्या जागी बसवायची. तेवढ्या वेळापुरती दोघींना जागा लागते. म्हणून शंभर एमबीच्या ॲपला अपडेट व्हायला शंभर एमबी पुरत नाहीत, आणि आपण काहीही नवं न घेता एके दिवशी ‘जागा अपुरी’ होते.

साफसफाईच्या पानावर दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. कॅशे साफ करा. डेटा साफ करा. पहिलं म्हणजे केर काढणं. दुसरं म्हणजे स्मृतिभ्रंश : तुम्ही कोण, काय पाहत होता, कुठल्या भागात कुठवर आला होता, सगळं पुसून ॲप पहिल्या दिवशी होतं तसं कोरं. हा फरक मला आज पाठ आहे, कारण त्या दुपारी मी उत्साहाच्या भरात पाच ॲपवर दुसरं बटण दाबलं. आकडे भराभरा खाली येत होते आणि मी स्वतःवरच खूश होते.

संध्याकाळी बाबांची हाक आली.

“अगं, हा मला विचारतोय, तुम्ही कोण?”

“कोण विचारतोय?”

“बातम्यावाला. इतके दिवस रोज भेटतो, आणि आज विचारतो.”

पुढचे दोन तास पाचही ठिकाणी नव्याने ओळख पटवण्यात गेले. टीव्हीवर पासवर्ड टाइप करणं हा प्रकार ज्याने शोधला त्याने तो स्वतः फारसा केला नसावा. पडद्यावर अक्षरांची जाळी आणि हातात चार दिशांचं एक चक्र. एकेक अक्षर म्हणजे दोन खाली, तीन उजवीकडे, मधलं दाबा. काही यंत्रांवर तर सगळी अक्षरं एकाच लांबलचक ओळीत असतात. तिथे ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत चालत जायचं तर पंचवीस वेळा बटण दाबायचं. आमचा पासवर्ड मुलाने बनवलेला, भक्कम : लहान-मोठी अक्षरं, आकडे, मधे एक ते डॉलरचं चिन्ह. सुरक्षिततेबद्दल त्याला किती कळकळ होती, हे मोठ्या अक्षरांसाठी तिसऱ्यांदा खालच्या ओळीत गेल्यावर मला कळलं.

हल्ली शहाणी ॲप हा छळ करत नाहीत. पडद्यावर आठ अक्षरांचा कोड दाखवतात. तो फोनवर टाकला की काम झालं. बाबा टीव्हीसमोर, मी फोन घेऊन दाराशी, कारण नेट तिथेच नीट येत होतं.

“बी, डब्ल्यू, झेड...”

“बी की डी, बाबा?”

“बी. मग डब्ल्यू, झेड, के. आडवी रेघ. मग एक्स, क्यू... अगं, यात एकही स्वर नाही. याचा उच्चार काय करायचा?”

बाबा आयुष्यभर प्रुफं तपासत आले. त्यांना हे दिसणारच. मला वाटलं योगायोग असेल, पण दुसऱ्या ॲपच्या कोडमध्येही स्वर नव्हता. मग शोधून पाहिलं. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने ऑगस्ट २०१९मध्ये, ज्यांना धड कीबोर्ड नाही अशा यंत्रांवर लॉगिन कसं करावं याचं एक मानक प्रसिद्ध केलं. क्रमांक ८६२८. त्यात सुचवलं आहे की कोडसाठी इंग्रजी अक्षरांतले स्वर (आणि त्यांच्यासोबत ‘वाय’ही) गाळून वीस अक्षरं घ्यावीत, म्हणजे यदृच्छेने एखादा भलताच शब्द तयार होणार नाही. कुणाच्या बैठकीच्या खोलीत, भल्या मोठ्या अक्षरांत शिवी उमटू नये म्हणून स्वर काढून टाकले! बाबांना सांगितलं. ते बराच वेळ हसत राहिले आणि म्हणाले, “मराठीत हे जमणार नाही. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनात ‘अ’ बसलेलाच असतो.”

पूर्वी एवढं मागे लागत नव्हतं. २००८मध्ये रोकू या अमेरिकी कंपनीचा टीव्हीला जोडायचा पहिला डबा आला तेव्हा त्यावर नेटफ्लिक्स एवढंच होतं. आवरायचं काय, डोंबल? पुढे ॲप आली तरी रोकू त्यांना बरीच वर्षं ‘चॅनेल’ म्हणत राहिला. मला तो शब्द आवडायचा. चॅनेल लावायचं असतं, इन्स्टॉल करायचं नसतं. २०१३चं गूगलचं पहिलं क्रोमकास्ट, तीही एक कांडीच, तर याहून हुशार : त्याला रिमोट नाही, त्यावर ॲप टाकायची नाहीत, फोन सांगेल ते टीव्हीवर दाखवायचं आणि गप्प बसायचं. ॲपल टीव्ही नावाचा डबा आला २००७मध्ये, पण ॲपचं दुकान त्यात उघडलं २०१५मध्ये. आणि २०२०मध्ये क्रोमकास्टलाही रिमोट आला, ॲप आली आणि ८ जीबींची टंचाई आली. ज्याला सांभाळण्यासारखं काही नव्हतं असं यंत्र लोकांच्या हातात होतं, पण त्याने समाधान होईना. बहुधा फोन घेऊन कुणी आतल्या खोलीत गेलं की टीव्ही पोरका होत असावा. आमच्याकडे तरी झाला असता.

तर, जागा करायची म्हणजे कुणाला तरी काढायचं. कांडीसोबत आलेली काही ॲप काढताच येत नाहीत. एक तर संगीताचं आहे, ते आम्ही एकदाही उघडलेलं नाही. त्यावर ‘काढून टाका’ हे बटणच नाही, फक्त ‘अक्षम करा’. घरमालकाचे पाहुणे. त्यांना तोंड मिटून कोपऱ्यात बसायला सांगता येतं, जा म्हणता येत नाही. मग उरतात आपली माणसं. नवऱ्याचं म्हणणं, मुलाचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ काढा, तो एकटाच सगळ्यांच्या बरोबरीने जागा खातो. मुलाचं म्हणणं, सामन्यांचं ॲप मोसम संपला की काढा, पुढच्या मोसमात परत घेऊ. मुद्दा बिनतोड होता, म्हणून तो कुणी मान्य केला नाही.

काढण्यावरून आठवलं. गेल्या वर्षी एक ॲप मी बाणेदारपणे काढून टाकलं. एकच मालिका होती, ती संपली, विषय संपला. चार महिन्यांनी नवऱ्याने खात्याचा उतारा पाहता पाहता विचारलं, “अगं, हे अजून चालू आहे?” चालूच होतं. वर्गणी ॲपमध्ये राहत नाही, खात्यात राहते. दार उखडून फेकलं म्हणून पलीकडचा मालक भाडं घ्यायचं थांबत नाही. त्याला जाऊन स्वतंत्र सांगावं लागतं, आणि सांगायची जागा सेटिंग्जमध्ये अशा बोळात असते की तिथे पोचेपर्यंत माणसाचं मन बदलावं.

बाबांची एक सवय मला हे सगळं शिकताना कळली. आम्ही बाकीचे घराच्या चित्राचं बटण दाबून ॲपमधून थेट बाहेर उडी मारतो. ॲप मागे तसंच अर्धवट जागं राहतं. बाबा तसं करत नाहीत. ते ‘मागे’चं बटण दाबत एकेक पायरी उतरतात, ॲप जेव्हा विचारतं ‘बाहेर पडायचं आहे का?’ तेव्हा ‘होय’ म्हणतात, आणि मग उठतात. त्याने कांडीवरचा भार हलका होतो का, देव जाणे. पण त्यांचं बातम्यांचं ॲप आमच्यापेक्षा कमी अडकतं, हे खरं.

सगळ्यात चमत्कारिक पाहुणा मात्र मुलाने आणला. टीव्हीच्या दुकानात नसलेलं ॲप बाहेरून बसवता येतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आमची कांडी अँड्रॉइडच्या कुळातली. तिथे सेटिंग्जमध्ये एका निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीवर सात वेळा बटण दाबलं की यंत्र जाहीर करतं, आता तुम्ही डेव्हलपर आहात. इतक्या स्वस्तात पदवी मिळाल्यावर त्याने ताबडतोब अनोळखी स्रोतांना परवानगी दिली (हे मला नंतर कळलं, आणि ती मी नंतर काढून घेतली) आणि फोनवरचं एक ताऱ्यांचं ॲप टीव्हीवर टाकलं. भिंतीएवढं आकाश बघायचं होतं त्याला.

टाकलं खरं, पण दिसेना. टीव्हीच्या मुख्य पडद्यावर तेच ॲप येतं, ज्याच्या पोटात ‘मी टीव्हीसाठीही आहे’ अशी नोंद असते. याच्यात ती नव्हती. शेवटी सेटिंग्जच्या यादीतून उघडलं. ते आडवं पडलं. फोन उभा धरतात असं गृहीत धरून बनवलेलं ॲप, टीव्हीवर कुशीवर झोपलं. आम्ही चौघंही सोफ्यावर माना उजव्या खांद्यावर टाकून बसलो. पडद्यावर अक्षरं होती : फोन आकाशाकडे धरा.

बाबांनी वर छताकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “भिंतीवरून काढू का?”

खाली, म्हणजे डावीकडे, ‘पुढे’ असं बटण होतं. मुलाने रिमोटचे चारही बाण दाबून पाहिले. बटण ढिम्म. ते बोटाने दाबायचं होतं आणि आमच्या टीव्हीला बोट कळत नाही. मुलगा उठून पडद्याजवळ गेला, आणि माहीत असूनही त्याने तिथे बोट टेकवलंच. ठसा दोन दिवस होता.

तर काल रात्री जागा हवी होती. सामना पुढे चालला होता, नवरा फोनवर स्कोअर वाचून दाखवत होता आणि मी यादीत वरून खाली बळी शोधत होते. या वेळी फक्त कॅशे साफ करत, प्रत्येक वेळी बटण दोनदा वाचून. अगदी तळाशी ते ताऱ्यांचं ॲप निघालं. आम्ही विसरलो होतो. मुख्य पडद्यावर नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दुकानातून आलेलं नाही, म्हणून कधी अपडेट मागितलं नाही. काढायचंच होतं. आत गेले.

कॅशे : ०.

“सापडली का जागा?” बाबांनी विचारलं.

“बघते,” म्हणाले आणि मागे आले. शर्यतीच्या गाड्या काढल्या. मुलगा झोपला होता.