थंडीतली राइड: दव बघून ठरवायचं

यंदा पहाटे सायकल घेऊन निघायचं की नाही हे ठरवताना मी तापमानाकडे बघणं सोडलंय. ठाण्यात पारा पंधरावर आला तरी रस्त्यावर बर्फ धरत नाही. आपल्याकडे चाक सरकतं ते दवामुळे.

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवेत ओल, अशी रात्र गेली की पहाटे दव पडणारच. म्हणून खाली उतरल्यावर आधी उघड्यावर लावलेल्या स्कूटरच्या सीटवरून बोट फिरवतो. ओलं लागलं तर घोडबंदर रोड रद्द. मेट्रोच्या कामाची माती, मिक्सरमधून सांडलेलं सिमेंट, रेती हे सगळं तिथे कडेला साचलेलं असतं. मोठ्या पावसात ते धुऊन तरी जातं. दवाने नुसतं भिजतं आणि डांबरावर बुळबुळीत पातळ थर बसतो. दिव्याच्या उजेडात तो कळतही नाही. पांढरे पट्टे, लोखंडी प्लेटा आणि चेंबरची झाकणं तर सगळ्यात वाईट. त्यावरून जायचंच झालं तर हँडल सरळ, पेडल थांबलेलं आणि ब्रेकवरची बोटं सैल.

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवाल्यांना खाडीकडून येणारं धुकं जास्त छळतं. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. पुढचं दिसून ब्रेक दाबेपर्यंतच सेकंद-दीड सेकंद जातो, थांबणं त्याच्या पुढचं. पेटलेला दिवा धुक्यातही लांबून दिसतो, त्यामुळे दिवे मोजून अंदाज चुकतो. मी खांबाचं बूड बघतो. पुढच्या खांबाचं बूड दिसत नसेल तर सरळ घरी. मागून येणाऱ्या डंपरवाल्यालाही मी तेवढाच दिसणार, मागचा लाल दिवा थोडा आधी चमकला तरी.

येऊरच्या जंगलातल्या चढाचं गणित वेगळं. झाडाखाली दव कमी पडतं, पण पडलं की सावलीत उशिरापर्यंत वाळत नाही, आणि सागाच्या गळलेल्या पानांखाली खडी लपते. चढताना काही वाटत नाही. उतरताना प्रत्येक वळणाआधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही.

28 एमएम रुंद टायरात हवेचा दाब 80 वरून 70 पीएसआयवर आणलाय. पकड सुधारल्याचं उतारावर स्पष्ट जाणवतंय.

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, तेव्हा रविवारची येऊर राइड आता आठला. ज्यांना यायचंय त्यांनी मागचा दिवा चार्ज करून आणा, उजाडलेलं असलं तरी.