आमची वाटचाल: मिरकरवाड्याचे दुकान आणि लांब फेकीचा रॉड

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांनी १९८७ साली जाळी, दोर, शिसे, गळ आणि तंगूस (गळाला लावायचा नायलॉनचा एकेरी दोरा) यांचे दुकान उघडले. आमचे बहुतेक गिऱ्हाईक होड्यांवरचे आणि ट्रॉलरवरचे होते. परंतु संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी किनाऱ्यावर उभे राहून गरवणारी माणसेही चार गळ आणि पावशेर शिसे घ्यायला येत. त्यांच्याकडे रॉड नसे. प्लॅस्टिकच्या बाटलीवर तंगूस गुंडाळलेला असे. बाटली मानेकडून धरून तिचे बूड समुद्राकडे करायचे आणि दुसऱ्या हाताने शिसे गरगर फिरवून सोडून द्यायचे, की तंगूस बाटलीच्या कडेवरून सुळसुळत सुटत जाई. एक म्हातारे काका मला नेहमी बजावत, "बाळा, अर्ध्या बाटलीवरनं शिसं लांब जात नाय. काठोकाठ गुंडाळ." पुढे स्पिनिंग रील, म्हणजे रॉडला बसवायचे दोरा गुंडाळणारे यंत्र, हातात आले तेव्हा लक्षात आले, की दोरा गुंडाळलेले त्याचे स्पूलही त्या बाटलीप्रमाणेच स्थिर असते, दोरा त्याच्या कडेवरूनच सुटतो आणि काकांचा नियम तेथेही जसाच्या तसा लागू पडतो.

मी २००९ मध्ये दुकानात पूर्णवेळ बसू लागलो. पावसाळ्यातला यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ आमच्यासाठी नेहमीच कोरडा जात असे, आणि वर्षभर चालणारा दुसरा एखादा माल असावा असे मनात होते. २०१३ च्या दिवाळीआधी मुंबईतील एका घाऊक व्यापाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मी बारा फुटी टेलिस्कोपिक (एकात एक सरकून मिटणाऱ्या) रॉडचे दोन खोके आणि त्यांना जोडीचे रील मागवले. रॉड जितका लांब तितकी फेक लांब, हे त्याचे म्हणणे मला पटले होते. चौदा रॉड विकले आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांतले अकरा परत आले. काहींचे सांधे अडकून बसले होते, काहींच्या दोरा ओवायच्या रिंगांना गंज चढला होता, तर दोन रॉड फेकतानाच मधोमध मोडले होते. मी अकराही जणांचे पैसे परत केले. वडिलांनी त्या वेळी एकच विचारले, "तू स्वतः भाट्याच्या पुळणीवर जाऊन हा फेकून पाहिला होतास काय?" मी पाहिला नव्हता.

त्यानंतर आमच्या दुकानात एक शिस्त आली, ती आजपर्यंत मोडलेली नाही. कोणताही रॉड विकायला ठेवण्याआधी आम्ही तो भाट्याच्या किनाऱ्यावर नेतो, कोरड्या वाळूवर टेप पसरतो, एकाच वजनाचे शिसे दहा वेळा फेकतो आणि दहाही फेकी वहीत लिहितो. पहिल्याच हिवाळ्यात या वहीने माझा समज खोटा ठरवला. दहा फुटी, दोन तुकड्यांचा, चांगल्या कार्बनचा रॉड त्या बारा फुटी टेलिस्कोपिकपेक्षा प्रत्येक वेळी लांब फेकत होता. कारण रॉड हा वाकून सरळ होताना वजनाला ढकलतो. जो वजनाखाली नीट वाकत नाही किंवा वाकल्यावर झटकन सरळ होत नाही, तो कितीही लांब असला तरी उपयोगाचा नाही. टेलिस्कोपिक रॉडच्या प्रत्येक सांध्यापाशी हा वाक तुटतो, शिवाय त्याचे वजन हातात इतके भरते की तासाभरात खांदा उतरतो.

म्हणून गिऱ्हाईक रॉड मागू लागले की आम्ही आधी दोन प्रश्न विचारतो: उभे कोठे राहणार आणि किती ग्रॅम फेकणार? रॉडवर हँडलच्या वर वजनाची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ २० ते ६० ग्रॅम. या मर्यादेच्या अगदी तळाला रॉड जेमतेम वाकतो आणि अगदी वरच्या टोकाला तो दमतो; आमच्या वहीप्रमाणे २० ते ६० ग्रॅमच्या रॉडची सर्वांत लांब फेक बहुधा ४० ते ५० ग्रॅमला मिळते. ज्याला रावसासाठी २८ ग्रॅमचा मेटल जिग (धातूचे नकली आमिष) फेकायचा आहे त्याने १०० ग्रॅम फेकीचा रॉड घेतला, तर तो काठीने दगड भिरकावल्यासारखाच प्रकार होतो. हे गिऱ्हाइकाला बोलून पटत नाही, म्हणून दोन्ही रॉड त्याच्या हातात देतो आणि टिप, म्हणजे रॉडचे टोक, भिंतीला टेकवून दाबायला सांगतो. मग बोलायची गरज उरत नाही.

जागेचा प्रश्न त्याहूनही महत्त्वाचा आहे. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. ओहोटीला खोल पाण्याची कड पुळणीपासून दूर जाते आणि मासा त्या कडेला फिरतो. तेथे दहा ते अकरा फुटांचा रॉड घ्यावा, कारण लांब फेकीबरोबरच फुटणाऱ्या लाटांच्या वर दोरा उचलून धरता आला पाहिजे. मिऱ्याच्या खडपांवर (किनाऱ्यालगतच्या खडकांवर) मात्र गोबरा आणि तांबोशी हे मासे पायांपासून दहा-पंधरा मीटरवरच असतात. तेथे लांब फेक कामाची नाही, नऊ फुटी दणकट रॉड आणि जाड लीडर (दोऱ्याच्या पुढे जोडायचा मजबूत तुकडा) लागतो. लांब फेकीचे सामान मागणाऱ्या गिऱ्हाइकाला "तुमच्या जागेला ते नको" असे आम्ही अनेकदा सांगितले आहे. त्यात त्या दिवसाची विक्री कमी झाली, पण माणूस टिकला.

रीलच्या बाबतीत पहिला गोंधळ आकड्यांचा असतो. ५०००, ६००० हे आकडे कोणत्याही एका मापाचे नाहीत. एका कंपनीचे ५००० दुसऱ्या कंपनीच्या ४००० एवढेच असू शकते. त्यामुळे आम्ही आकडा बाजूला ठेवून स्पूलवर दोरा किती मावतो आणि रीलचे वजन किती, एवढेच पाहायला सांगतो. दहा फुटी रॉडवर साधारण तीनशे ग्रॅमच्या आसपासचे रील बसवले की रॉड रीलच्या पायाच्या थोडे पुढे बोटावर तोलता येतो. टिपेकडे कलणारा रॉड दिवसभर फेकवत नाही. स्पूल रुंद तोंडाचे असावे आणि दोरा कडेपासून दीड ते दोन मिलिमीटर खाली राहील इतका भरलेला असावा. याहून कमी भरला तर सुटताना दोरा कडेला घासून फेक आखडते; याहून जास्त भरला तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. विणलेला दोरा स्पूलवर घसरू नये म्हणून खाली थोडा तंगूस गुंडाळावा लागतो. हे काम गेली नऊ वर्षे माझी पत्नी करते. ओल्या फडक्यातून दोरा ताणून घेत, मोजून आणि घट्ट भरलेले तिचे स्पूल पाहिले की ते आमच्या दुकानाचे आहे हे मी दुरूनही ओळखतो.

फेकीचे अंतर वाढवण्यासाठी पैसे कोठे खर्च करावेत असे कोणी विचारले, तर माझे उत्तर दोऱ्याकडे बोट दाखवते. आठ पेडांचा विणलेला दीड नंबरचा पीई (पॉलिएथिलीन) दोरा सुमारे ०.२० मिलिमीटर जाडीचा असतो. तितकेच वजन तोलणारा तंगूस त्याच्या दुपटीने जाड असतो. त्याच रॉडवर, त्याच रीलवर, त्याच शिशाने नुसता दोरा बदलून आमची फेक पंचवीस-तीस पावलांनी वाढली, आणि तो दिवस मला आजही आठवतो. मात्र हा दोरा खडकाला टिकत नाही आणि फेकीचा झटकाही गाठीवर येतो, म्हणून पुढे दीड-दोन मीटर लीडर हवाच. फेकायच्या दर तीस ग्रॅमला दहा पौंड ताण सोसण्याची ताकद, हा जुना हिशेब धरून लीडर निवडावा आणि खडप असेल तर त्याहून जाड घ्यावा. तो एफजी नावाच्या बारीक गाठीने दोऱ्याला बांधला की गाठ रिंगांमधून आवाज न करता निघून जाते. जाड गाठ पहिल्या रिंगेवर टकटक वाजते. तो आवाज म्हणजे दहा मीटर वाया गेल्याचा आवाज आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्या गोदामाचे पत्रे उडवले आणि रात्रभराच्या पावसात त्रेचाळीस रील भिजले. ते विकणे आमच्या मनाला पटेना आणि फेकून देणे परवडेना. त्यामुळे मी आणि माझा धाकटा भाऊ दीड महिना जेवणाच्या टेबलावर एकेक रील उघडत बसलो. प्रत्येकाचे बेअरिंग काढले, पुसले, गिअरला नवे ग्रीस लावले, ड्रॅगच्या, म्हणजे ताण वाढला की दोरा सोडणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या वाळवल्या. स्वस्त आणि महाग रीलमधला फरक मला जाहिरातींतून जितका कळला नव्हता तितका त्या दीड महिन्यात कळला. कोणाचा मुख्य गिअर नाजूक होता, कोणाच्या दांड्याला पहिल्याच ओलाव्यात गंज धरला, तर कोणाच्या बेलच्या (दोरा स्पूलवर घेणाऱ्या तारेच्या कडीच्या) रोलरवर पाणी अडवणारी सीलच नव्हती. त्यांतले पस्तीस रील आम्ही वादळात भिजलेले म्हणून सांगूनच निम्म्या किमतीत विकले. त्यानंतर दुकानात दुरुस्तीचे टेबल कायमचे मांडले गेले आणि आज आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याच टेबलावर तयार होतो.

दुरुस्तीला येणाऱ्या मालात बहुतेक दोष हाताळणीचे असतात. समुद्रावरून आल्यावर रील बादलीत बुडवू नये. ड्रॅग घट्ट करून वरून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, फडक्याने पुसावे आणि वाळल्यावर ड्रॅग पुन्हा सैल करावा. दोरा वारंवार तुटत असेल तर बहुतेकांना दोऱ्याचीच शंका येते. आम्ही मात्र कापसाचा बारीक बोळा प्रत्येक रिंगेच्या आतून फिरवतो. जेथे कापसाचा तंतू अडकतो तेथे डोळ्याला न दिसणारा तडा असतो. एका काकांनी असे तीन दोरे बदलले होते. दोष होता टिपेच्या रिंगेत, आणि ती ऐंशी रुपयांची होती. ड्रॅग किती लावावा हेही आम्ही अंदाजाने सांगत नाही. दोऱ्याचे टोक ताणकाट्याला अडकवून तो नऊ किलो ताण सोसणाऱ्या दोऱ्याला अडीच-तीन किलोवर सुटतो की नाही, हे गिऱ्हाइकासमोर पाहून देतो.

नव्याने शिकणाऱ्यांना आम्ही थंडीच्या दिवसांत पहाटे बोलावतो. त्या वेळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, फेकीला पाठीमागून आधार देतो आणि दोऱ्याला बाक येऊ देत नाही. दुपारचा खारा वारा तोंडावर आला की हलका मिनो (लहान माशासारखे नकली आमिष) हवेतच कोलांट्या खातो आणि अशा वेळी बारीक, जड मेटल जिगच कामाला येतो. शिसे पाण्यात पडण्याच्या क्षणी स्पूलला बोट लावावे, बेल हाताने बंद करावी आणि दोरा एकदा ताणून मगच हँडल फिरवावे. नवशिक्यांचे निम्मे गुंते या एका सवयीने थांबतात. पावसाळ्यात खडपांवर जाण्यासाठी मात्र आम्ही कोणालाही सामान देत नाही, आणि कार्बनचा रॉड विजेचा वाहक असल्यामुळे गडगडाट ऐकू येताच तो खाली ठेवून किनारा सोडण्यास प्रत्येकाला सांगतो.

या हंगामात आम्ही साडेनऊ फुटी, १५ ते ४५ ग्रॅमचा एक हलका रॉड तपासत आहोत. माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी दर रविवारी तो भाट्याला नेतात. वहीत आतापर्यंत त्याच्या साठ फेकी नोंदल्या आहेत. हँडल अजून दोन इंच आखूड हवे असे तिघींचेही मत पडले आहे आणि तसे आम्ही बनवणाऱ्याला कळवले आहे. बदललेला नमुना येऊन त्याच्याही साठ फेकी पूर्ण झाल्या की तो दुकानात लागेल.