तुम्ही विचारलंत म्हणून: हजेरीपटावरची नावं

"बाई, हल्ली पोरांची नावं सिनेमा-मालिका बघूनच ठेवतात ना?" पंचवटीतल्या एका शाळेत मी ३१ वर्षं पहिलीचा वर्ग घेतला, त्यामुळे दर बारशाला घुगऱ्या खाता खाता कुणीतरी हे विचारतंच.

ठेवतात की. फक्त शाळेला त्याची वर्दी सहा वर्षं उशिरा लागते. तेंडुलकर पहिली कसोटी खेळला नोव्हेंबर १९८९ मध्ये. माझ्या हजेरीपटावर सचिनांची रांग लागली ती ९६ च्या जूनपासून. गंमत म्हणजे त्याचं स्वतःचं नावही वडिलांनी सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. संगीतकाराचं नाव क्रिकेटच्या वाटेनं पेठ रोडपर्यंत आलं!

२०१३ मध्ये 'आशिकी २' आला. नायिका आरोही शिर्के. २०१९ ला माझ्या वर्गात तीन आरोही. नाव पुकारलं की तीन "हजर बाई" एकदम. शेवटी पुढच्या बाकावरची, खिडकीपाशची आणि डबा विसरणारी अशी वाटणी केली. डबा विसरणारीच्या आईला विचारलं, तर म्हणाली, "पिक्चर मी बघितलाच नाही हो. गुरुजींनी 'अ' काढून दिला होता आणि जावेच्या माहेरी एक आरोही आहे, ते कानाला गोड वाटलं." मला ती खरी बोलत होती असंच वाटतं. पडद्यावरचं नाव आधी चार घरं फिरतं. आत्या पाळण्यापाशी वाकेपर्यंत ते कुठून आलं हे सगळे विसरलेले असतात.

आणि ते आईच्या वयाचं असून चालत नाही. 'सैराट'नं २०१६ मध्ये केवढं वेड लावलं होतं! पण आर्ची म्हणजे अर्चना, आणि निम्म्या पालकसभेचं नाव अर्चना. त्या वर्षीची मुलं माझ्या शेवटच्या वर्गात बसली. त्यांत अर्चना एकही नव्हती.

माझी आजी गोदावरी. तेव्हा नाशकात वाड्यागणिक एक गोदूताई असायची. आम्ही नदीला अजून गंगाच म्हणतो, "गंगेवर जाऊन येते" म्हणतो. पण पाळण्यात ना गंगा, ना गोदा. ३१ वर्षांत एकही नाही. १९९५ मध्ये भाचीच्या बारशाला आत्या म्हणून माझा मान होता. मी 'गोदा' सुचवलं. वहिनीनं असं काही पाहिलं, की मी मुकाट्यानं बाळाच्या कानात 'ऐश्वर्या' म्हणून कुर्र केलं. आदल्याच नोव्हेंबरात ती मिस वर्ल्ड झाली होती ना.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'गोदावरी' सिनेमा लागला, आपल्या नाशकातलाच. त्यानंतर जन्मलेली मुलं २०२९ च्या जूनमध्ये पहिलीत येतील. माझ्या जागी आलेल्या बाईंना सांगून ठेवलंय, त्या दिवशी हजेरी झाली की पहिला फोन मला करायचा.