तपकिरी पर्स

रविवार, रात्री साडेदहा

आज जेवताना पुन्हा तेच झालं. टीव्हीवर कुठलीशी नायिका, जिने तिचं वाटोळं केलं तिच्याच उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती. हातातला घास ताटात ठेवून मी मोठ्याने म्हणाले, "अगं ऊठ तिथून!" धाकटा म्हणाला, "आई, तिला ऐकू जात नाही." छातीत धडधडत होतं माझ्या. ही बाई कोण, तिचं नाव काय, हेसुद्धा मला माहीत नाही. हा राग जुना आहे. पाच वर्षं तो मी अरुंधतीवर काढला.

अरुंधतीची मालिका 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्याकडे ती फक्त आई बघायच्या. आई म्हणजे सासूबाई. साडेसातला त्या लसणाची परडी घेऊन टीव्हीसमोर बसत आणि मी आत वह्या तपासत असे. मग टाळेबंदी आली. शाळा बंद, मालिकांचं शूटिंगही बंद. जुलै २०२० मध्ये नवे भाग सुरू झाले तोवर मलाही त्या वेळेला बाहेरच्या खोलीत बसायची सवय लागली होती.

आणि मी गुंतले. पंचवीस वर्षं घर ओढणारी बाई, तिच्या कामाला घरात किंमत नाही, नवऱ्याचं, अनिरुद्धचं, ऑफिसातल्या संजनाशी प्रकरण. तिला कळतं, ती कोसळते, सावरते, घटस्फोट घेते. गाणं मागे पडलेलं असतं, ते पुन्हा हातात धरते. त्या दिवसांत मला वाटायचं, ही माझ्यासाठीच उभी राहिली आहे. इंदूरची मावसबहीण हिंदीत 'अनुपमा' बघायची. दोन्ही मूळच्या 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून घेतलेल्या, त्यामुळे फोनवर आमचं बोलणं एकाच बाईबद्दल चालायचं.

पण सासरच्या 'समृद्धी' बंगल्याचा उंबरा ओलांडूनही ती सुटली नाही. सासूचं दुखलं, अरुंधती हजर. मुलांचं बिनसलं, अरुंधती हजर. ज्या अनिरुद्धने तिला एवढं तोडून बोललं, त्याच्याही अडचणीला हीच. मी उशी आपटायचे. एका रात्री तर जेवले नाही. कारण मला कळतं. आठवड्याला सहा भाग दाखवायचे असतात, ती खरोखर निघून गेली तर समृद्धीतल्या माणसांची गोष्टच थांबते, म्हणून लेखक तिला परत परत त्या दारात आणतात. कळूनही राग जायचा नाही. मलाही 'नाही' म्हणता येत नाही, ते तिथे रोज माझ्यासमोर मांडलेलं असायचं. शाळेत पोषण आहाराचा हिशेब कोणी घेईना, घेतला मी. मतदार याद्यांचं काम, घेतलं मी. दिराच्या मुलीच्या बारशाचा सगळा स्वयंपाक, रजा टाकून केला मी. प्रत्येक वेळी मनात 'नाही' तयार असायचं आणि तोंडातून 'बघते' यायचं. अरुंधतीचा चेहराही अगदी तसाच व्हायचा, आधी नकार आणि मग मान हलायची. अरुंधती झालेल्या मधुराणी प्रभुलकरने तो क्षण इतका खरा केला होता की मला बघवायचं नाही.

पुढे २०२४ च्या मार्चमध्ये मालिका दुपारी अडीचला गेली. त्या वेळी मी वर्गात. मग आई एकट्याच बघायच्या आणि संध्याकाळी मला सांगायच्या. त्यांचं सांगणं फार थोडक्यात असायचं. "आज परत गेली." "आज रडली." नोव्हेंबरअखेर मालिका संपली, तेही मला त्यांच्याच तोंडून कळलं. "संपली बाई एकदाची," म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या.

आज जेवण झाल्यावर मी भांडी घासत होते आणि आई पुसून फळीवर लावत होत्या. सहज विचारलं, "आई, तुम्हाला कधी अरुंधतीचा राग नाही आला?"

"राग कशाचा? मी करते तेच ती करत हुती की."

त्यांनी ते इतकं सपाट म्हटलं की माझा हात नळाखाली तसाच राहिला. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मला ती संजना आवडायची बघ."

"संजना? अहो, संसार मोडला तिने एका बाईचा."

"ते वाईटच केलं तिनं. दोन घरं मोडली. पर सकाळी पर्स खांद्याला लावून निघायची न्हाई का ती? मागं कोण काय म्हणतंय, वळून बघायची न्हाई. तेवढं बघायला बसायची मी."

मग ताटं पुसत पुसत बोलत राहिल्या. सातवीची फायनल पास झाल्या तेव्हा त्यांचे मास्तर घरी आले होते. फायनल झालेल्याला त्या काळी मास्तरकी मिळायची. पोरीला शिकवायला लावा, नोकरी लागेल, असं त्यांनी वडिलांना सांगितलं. दुसऱ्या वर्षी लग्न झालं. त्यांच्याबरोबर पास झालेली एक मैत्रीण मात्र बाई झाली, खालच्या वाडीला. "शनिवारची सकाळची शाळा करून उन्हाची यायची. छत्री आन् पर्स. मी धुणं घिऊन वढ्याला चाललेली असायची."

आई फायनल पास आहेत हे मला लग्नापासून माहीत आहे. त्यापुढे मी कधी विचारलं नव्हतं. एकोणतीस वर्षं.

हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहायचं आहे. २०११ च्या फेब्रुवारीत मी जनगणनेला प्रगणक होते आणि आमची गल्ली माझ्याच गटात होती. घरोघर विचारायचे, गेल्या वर्षभरात काम केलं का? बायकांच्या वतीने घरातलं कुणीतरी उत्तर द्यायचं, "ती कुठे काय करते, घरीच असते." मग काम न करणाऱ्यांच्या रकान्यात जायचं आणि घरकामाचा आकडा टाकायचा. त्याच यादीत विद्यार्थी, निवृत्त, भिकारी यांचेही आकडे होते. आमच्या घराचा फॉर्म मी रात्री भरला. माझ्या नावापुढे काम, नोकरी. आईंच्या नावापुढे मी काही विचारलं नाही. त्या आत माझा दुसऱ्या दिवशीचा डबा करण्यासाठी मटकी निवडत होत्या. मी त्यांच्या रकान्यात घरकाम लिहिलं आणि पान उलटलं.

पाच वर्षं मी स्वतःला अरुंधती समजत होते. सकाळी पावणेसातची एसटी मला कधी चुकली नाही, कारण डबा भरलेला असायचा. पोरं तापाने फणफणली तरी मी परीक्षा घेऊन आले, कारण घरी त्यांच्या कपाळावर हात होता. "आई, माझा डबा?" असं मी दारातून ओरडायचे, अरुंधतीची मुलं, ईशा आणि अभिषेक, समृद्धीत ओरडायची तसंच. अरुंधतीने पुन्हा त्या दारात जाऊ नये म्हणून मी उशी आपटत होते तेव्हा आई माझ्या शेजारी बसून माझ्या उद्याच्या भाजीचा लसूण सोलत होत्या.

आणि त्या संजनाकडे बघत होत्या. मला त्यांच्यात काय दिसलं नाही ते एक झालं. त्यांना मात्र रोज सकाळी खिडकीतून जी दिसायची ती मीच असणार. पर्स खांद्याला लावून, मागे वळून न बघता निघालेली. त्यांना तेव्हा काय वाटत असेल? हेवा? की बरं वाटत असेल? विचारायचा धीर झाला नाही. उद्या विचारेन की नाही, तेही सांगता येत नाही.

माफी मागावी असं आज तोंडाशी आलं होतं. पण फळीवरची ताटं लावून होताच त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "उद्या बँकेत हयातीचा दाखला द्यायचा हाय मला. पोरानं सोडतो म्हटलंय, पर मी एकटीच जाणार रिक्षानं."

मी म्हटलं, "जा की."

"तुझी ती तपकिरी पर्स दे. पिशवी नको."

पर्स रिकामी करून ठेवली आहे. आत त्यांचं पासबुक, आधार कार्ड, चष्मा आणि सुटे पैसे. पट्टा त्यांच्या उंचीला लांब होत होता, दोन घरं आखूड केला.