नाथसागरावरचा रविवार

आज सहकुटुंब पैठण. संभाजीनगर सोडल्यापासून पोरांचं एकच पालुपद, "बाबा, पाणी सोडलंय का?" अरे, हिवाळ्यात कुठले दरवाजे उघडतात! जायकवाडी धरणाचे 27 दरवाजे बघायचे तर पावसाळा चांगला हवा. आत्ता मजा पक्ष्यांची. धरणाचा जलाशय म्हणजेच नाथसागर, 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. काठच्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो मान खाली घालून, उलटी चोच चिखलातून फिरवत पुढं सरकत होते. दुर्बीण धाकटीनं घेतली ती परत दिलीच नाही.

मग पैठणी बघायला गेलो. मागावर एक ताई पदरातला मोर विणत होत्या. रंगागणिक वेगळी कांडी, बोटांनी धागे मोजायचे आणि कांडी त्यातून सरकवायची. आम्ही बराच वेळ उभे, मोराची मान जेमतेम रेघभर वाढली. बायको किंमत विचारून गप्प झाली, मी विचारण्याआधीच गप्प होतो.

संत एकनाथांच्या समाधीचं दर्शन निवांत झालं. आई म्हणते, आता नाथषष्ठीला येऊ. फाल्गुनात तिथं लाखोंनी वारकरी असतात हो! पैठणकरांनो, तेव्हा गाडी कुठं लावायची तेवढं सांगून ठेवा.